ज्याचा माड, त्याची केबल

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "केबलच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहा. दिवाळी आहे, लोकांना जरा हसू द्या." किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो की हसू येत नाही, डोकं तापतं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, ज्यांना फराळाबरोबर गोडच वाचायचं असेल त्यांनी सरळ पुढच्या लेखाकडे जावं.

मी केबलवाला. रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाताना लागणाऱ्या चार गावांत माझी केबल होती. केबलवाला म्हणजे लोकांच्या लेखी महिन्यातून एकदा पैसे मागायला येणारा आणि मॅच चालू असताना न सापडणारा माणूस. विजेच्या कडकडाटात अ‍ॅम्प्लिफायर जळला तर दोष माझा, वानरांनी वायरीला झोके घेतले तर दोष माझा. मालिकेतली सून घटस्फोट घ्यायला निघाली तेव्हाही एका आजींनी मलाच जाब विचारला होता.

एकदा मुंबईहून एका चाकरमान्याचा फोन आला. "मोहनदादा, आईच्या टीव्हीला मुंग्या आल्यात, सकाळपासून ती बसून आहे, जरा जाऊन बघा." भर उन्हात चढण चढून गेलो. टीव्ही ठणठणीत. म्हातारी शांतपणे म्हणाली, "काय नाय झालं त्याला. तब्येत बरी नाय म्हटलं तर तो 'डॉक्टरकडं जा' म्हनतो आनि ठेवतो. टीव्ही बिघडला म्हटलं की दिवसातनं चार वेळा फोन करतो." मी टीव्ही दुरुस्त झाल्याचं मुलाला चार दिवस कळवलं नाही. असल्या तक्रारींना कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये कुठलं बटण दाबायचं, ते मला कुणीतरी सांगावं.

आमचे एक गुरुजी होते. दहावीची परीक्षा जवळ आली की माझ्या पडवीत येऊन बसायचे. "मोहन, पेपर संपेपर्यंत सिनेमाची वाहिनी बंद." की मी बंद करायचो. बायाबापड्या शिव्या घालायच्या, पण गुरुजींपुढे कुणाची टाप नव्हती. हे करता यायचं, कारण कंट्रोल रूम माझ्या घरात होती. परड्यात चार मोठ्या छत्र्या, पडवीत रॅकवर यंत्रं. आकाशातून आलेल्या वाहिन्या तिथे गोळा व्हायच्या, एकेक वाहिनी आपापल्या वाटेने वायरीत जायची आणि घरोघर पोचायची. गावात काय दिसायचं आणि काय नाही, हे गाव ठरवायचं.

आता वायर नेण्याची गोष्ट. शहरातल्या माणसाला वाटतं, खांब पुरले की झालं. आमच्याकडे अंगठ्याएवढा खड्डा मारायचा तरी खाली कातळ. आणि कातळापेक्षा कठीण सातबारा. एका सातबाऱ्यावर पणजोबापासूनच्या सगळ्या हिस्सेदारांची नावं. खांब पुरायचा म्हणजे त्या सगळ्यांची संमती, ते मुंबईत, आणि त्यातले निम्मे एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. विजेच्या खांबांना वायर लावायची तर परवानगी आणि भाडं, शिवाय ते खांब वाडीच्या आत सगळीकडे नव्हतेच.

पण माडाचं तसं नाही. जमीन कितीही जणांची असो, माडाला जो आळं करतो, शेणखत घालतो, नारळ काढून घेतो, त्याचाच शब्द चालतो. त्याला विचारायचं आणि वायर माडाला बांधायची. भाडं म्हणून त्याच्या घरी केबल फुकट. ज्याचा माड, त्याची केबल. कागद नाही, सही नाही. माझं अर्धं जाळं असं माडांवर, क्वचित एखाद्या जुन्या रायवळ आंब्यावर उभं होतं. बाहेरचा म्हणेल, काय हा गावठी कारभार. बाहेरच्याने म्हणावं. वादळात विजेचे खांब आडवे झाले, माझे माड उभे होते.

यातला सगळ्यात मोलाचा माड हिराकाकीचा. आमच्या गावाच्या टोकाला एक पऱ्या आहे, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा ओढा. पलीकडे तीसेक घरांची वाडी. पुरुषमंडळी बहुतेक मुंबईत, घरं चालवतात त्या बायका. वाडीतलं पहिलं घर हिराकाकीचं आणि पऱ्याच्या काठावर तिचा उंच माड. अलीकडून वायर नेली की पलीकडे टेकायला दुसरी जागाच नव्हती. पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा ती सुपाऱ्या सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बांध. पन माडाला खिळा मारायचा नाय, काथ्यानं बांधायचं. आनि पावसाच्या आदी वायर बघायला तू सोता यायचंस."

मी म्हटलं, "काकी, तुझ्याकडे टीव्ही कायम फुकट."

"फुकट कशाला?" ती म्हणाली. "माजा माड उभा र्‍हानार हाय ना तुज्यासाठी?"

हा करार. मी तो शेवटपर्यंत पाळला आणि तिनेही.

मग डिजिटल आलं. सरकारने सांगितलं, जुनी पद्धत बंद, यापुढे प्रत्येक टीव्हीला डबा, म्हणजे सेट टॉप बॉक्स. माझा डिजिटलला विरोध नव्हता, हे ठळक अक्षरात छापा. चित्र स्वच्छ, मुंग्या नाहीत, आणि जिथून पूर्वी एक वाहिनी जायची त्याच जागेतून आता दहा-बारा जातात. फक्त सगळ्या वाहिन्या कुलूप लावून पाठवायच्या आणि ज्याने ज्याचे पैसे भरले त्याच्या डब्यात तेवढीच कुलपं उघडायची. हे सगळं करणाऱ्या यंत्रसामग्रीला हेडएंड म्हणतात. ती एका लहान ऑपरेटरच्या आवाक्याबाहेर होती. मोठ्या कंपन्या म्हणू लागल्या, हेडएंड आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त आमचा सिग्नल घ्या आणि वसुली करा.

म्हणजे मालकाने स्वतःच्या घरात कारकून व्हायचं.

मी महिनोन्‌महिने डोकं घातलं त्यात. कोल्हापूर, पुणे, मुंबई, जिथे कुणी यंत्रं विकतो म्हणून कळलं तिथे जाऊन बसलो. आणि माझ्या लक्षात आलं, हे एकट्याला अशक्य आहे, पण सहा जणांना अजिबात अवघड नाही. या किनाऱ्यावर आम्ही सहा ऑपरेटर होतो. रत्नागिरीत एक खोली घ्यायची, सहांत मिळून एकच हेडएंड बसवायचं, तेही एखाद्या मोठ्या शहरात बदलून टाकलेलं, जुनं पण धडधाकट. ज्या वाहिन्या आकाशातून फुकट मिळतात त्या पायाला घ्यायच्या, वर मराठी मालिका आणि क्रिकेटच्या निवडक पैशाच्या वाहिन्या. कुलपाच्या प्रणालीचा परवाना एक, खर्च सहा वाटण्यांत. डबे एकगठ्ठा घेतले की स्वस्त. खोलीपासून प्रत्येकाच्या गावापर्यंत फायबर, पुढे आपापली जुनी वायर आहेच. नोंदणीची सोय कायद्यात होती. सामायिक विहिरीवर सहा घरं पाणी भरतात, तसंच हे. गिऱ्हाईकाला कंपनीपेक्षा स्वस्त पडलं असतं आणि माडवाल्यांचे डबे कसे चालू ठेवायचे ते आमचं आम्ही ठरवलं असतं.

बंदरावरच्या शौकतभाईंच्या वखारीत बैठक झाली. शौकतभाई आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. मी हिशेब मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मांदेलीवर ताव मारला, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. बाहेर पडताना शौकतभाई माझ्या कानाशी म्हणाले, "मोहनभाय, कंपनीची भीती नाय मला. या पाच जनांची हाय."

"पाचांत मी पण आलो."

"म्हनून तर सांगतो."

त्यांतल्याच एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. पांढरी गाडी, गोड बोलणं. त्याने आम्हा सहांना एकत्र कधीच बोलावलं नाही. प्रत्येकाच्या घरी वेगवेगळा गेला आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "पहिली सही तुमची असेल तर शेजारच्या ऑपरेटरचा भागही तुम्हालाच देऊ." बस. एवढंच पुरलं. आम्ही कोकणातली माणसं. वीतभर बांध सरकला तर तीन पिढ्या कोर्टात काढू, पण सामायिक विहिरीतला गाळ काढायला एकत्र येणार नाही. कंपनीच्या माणसाला आमचा स्वभाव कुणी शिकवला कोण जाणे, पण तो पक्का शिकला होता. पहिली सही बाळाने केली, माझ्या शेजारच्या गावातल्या ऑपरेटरने. त्याच्या वायरीला जोड मारायला मी भर पावसात गेलेलो आहे. मग दुसऱ्याने बाळाच्या भीतीने केली, तिसऱ्याने दुसऱ्याच्या, चौथ्याने तिसऱ्याच्या. उरलो मी आणि शौकतभाई. दोघांत हेडएंड होत नाही. आम्हीही केल्या. एकाच दिवशी, एकाच पेनाने. बाहेर येऊन शौकतभाईंनी ते पेन गटारात टाकलं.

त्या पाचांवरचा, म्हणजे स्वतःवरचाही, माझा राग अजून गेलेला नाही. जायचं काही कारणही मला दिसत नाही. कंपनी कंपनीसारखी वागली. विंचवाने नांगी मारली म्हणून कुणी विंचवावर खटला भरत नाही. पण आपण हात धरून उभे होतो, आणि आपणच एकेकाने हात सोडला.

पडवीतली यंत्रं निकालात निघाली. त्यांच्या जागी फायबरचं टोक आलेला एक लहानसा ठोकळा. परीक्षेच्या दिवसांत गुरुजी आले तेव्हा मी त्यांना तो ठोकळा दाखवला. ते जरा वेळ बघत बसले आणि चहा न घेता गेले.

पूर्वी कनेक्शन तोडायचं तर मला शिडी घेऊन त्या माणसाच्या दारात जावं लागे. दारात गेलं की चार गोष्टी कळत. आजारपण आहे, मनिऑर्डर आलेली नाही. मग शिडी तशीच परत येई. आता मुंबईत कुणीतरी कळ दाबतं आणि इथे टीव्ही काळा होतो. डबा गिऱ्हाईकाने विकत घेतलेला, पण कंपनीच्या सिग्नलशिवाय त्याचा उपयोग पाटावरवंट्याएवढाही नाही.

एके दिवशी कंपनीचे साहेब तपासणीला आले. तरुण, शहरातले, बोलायला अदबशीर. मी चाचणीच्या खात्यावर चालू ठेवलेले माझ्या माडवाल्यांचे डबे त्यांनी कॉम्प्युटरवर शोधून काढले. पैसे न भरणारी एवढी कनेक्शनं चालू कशी?

"काका, ही सगळी लीकेज आहे," ते म्हणाले.

"लीकेज नाही, साहेब. ते माझे खांब आहेत."

त्यांना कळलं नाही. मी माड, सातबारा, कातळ, सगळं समजावलं. ते "हो, हो" करत होते आणि बोट मोबाईलवर चालू होतं. त्यांनी कुणाला तरी यादी पाठवली आणि माझ्यासमोर, माझ्याच पडवीत उभं राहून, माझ्या सगळ्या माडवाल्यांचे टीव्ही बंद केले. आवाजसुद्धा झाला नाही. शिडी जवळ असती तर मी ती त्यांच्या गाडीवर घातली असती.

हिराकाकीचा निरोप तासाभरात आला. मी साहेबांना म्हटलं, चला, तुम्हीच सांगा तिला. आले ते. पऱ्यावरच्या साकवावरून बूट सांभाळत आले, माड बघितला, त्याचा फोटो काढला. मग काकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून त्यांनी तोडगा काढला. खरं म्हणजे ते भले होते, हेच जास्त चीड आणणारं आहे.

"आजी, आम्ही तुम्हाला स्टाफ म्हणून दाखवतो. स्टाफला एक कनेक्शन मोफत असतं."

काकीने माझ्याकडे बघितलं. "म्हंजे?"

"म्हणजे तू यांच्याकडे कामाला आहेस असं लिहायचं," मी सांगितलं.

"मी कदी लागले यांच्याकडं कामाला?"

"फक्त नावापुरतं, आजी. सिस्टीममध्ये बसवायला," साहेब म्हणाले.

"मग माज्या माडाचं नाव लिवा की. वायर त्याच्यावर हाय, माज्यावर नाय."

"झाडाच्या नावाने केवायसी होत नाही, आजी."

"बराय तर," काकी म्हणाली आणि उठली. "मोहन, वायर उतरव."

साहेबांना वाटलं म्हातारी रागाने बोलतेय. मला माहीत होतं की ती रागावली की गप्प बसते. बोलते तेव्हा ठरवून बोलते. मी म्हटलं, "काकी, पलीकडे तीस घरं आहेत. तुझ्या माडावरून वायर उतरली की सगळ्यांचं बंद होईल. त्यांचे पैसे भरलेले आहेत."

"त्यांना मी इचारते. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीच्या सहाणेवर बायका जमल्या. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते तो चौथरा. वाडीचा काहीही निर्णय तिथेच होतो. काकीने जे घडलं ते सांगितलं, पदरचं काही न घालता, जसंच्या तसं. मुंबईहून नवऱ्यांचे फोन सुरू झाले होते. एक जण तर स्पीकरवरून म्हणाला, "काकीचे महिन्याचे पैसे आम्ही सगळे मिळून भरू, पण भांडण नको, मॅच आहेत." त्याच्याच बायकोने उत्तर दिलं, "पैशाचं नाय वो. उद्या माज्या दारातल्या वाटेवरनं कोन गेला आनि मलाच म्हनाला, तू माज्याकडं कामाला र्‍हा, तर चालंल तुमाला?" फोन बंद झाला.

फार बोलणं झालंच नाही. एक सासू म्हणाली, काकीच्या माडावरून टीव्ही आला, काकीचा बंद तर आपला बंद. कुणी मान हलवली, कुणी "व्हय" म्हटलं. मग सगळ्या जणी भाताचं काय, मुलांच्या शाळेचं काय, असं बोलत घरी गेल्या. जेवढ्या वेळात आम्ही सहा जण मांदेली मागवतो तेवढ्या वेळात तीस घरांनी निर्णय घेतला होता.

मी नारळ काढणाऱ्या गड्याला वर चढवला. त्याने काथ्या सोडला आणि वायर पऱ्यात पडली. माडावर एक ओरखडा नव्हता.

वायर गोळा करत होतो तेव्हा साहेबांचा फोन आला. अदब संपली होती. "पलीकडचा सगळा सिग्नल गेलाय. कनेक्शन तोडायचा अधिकार कंपनीचा आहे. तुम्ही कुणाच्या परवानगीने वायर काढलीत?"

"मालकाच्या," मी म्हटलं.

"मालक कंपनी आहे, काका."

"मग कंपनीला म्हणावं, या आणि माडावर चढा."

त्या फोनचा मला अजून आनंद आहे, आणि त्याची किंमतही मीच मोजली. करारभंगाच्या नावाखाली कंपनीने माझा सिग्नल बंद केला. चारही गावं काळी. माझा भाग बाळाला दिला, पहिली सही करणाऱ्याला. तो एक दिवस माझ्याकडे आला आणि खाली बघून विचारू लागला, "वायर कुठून कुठून जाते तेवढं दाखवतोस काय?" मी त्याला एकेका माडवाल्याकडे घेऊन गेलो. प्रत्येकाने त्याला पाणी दिलं, गूळ दिला, वायर बांधू दिली नाही. कंपनीने मग खांबांचं काढलं. हिस्सेदारांची यादी बघून त्यांच्या वकिलानेच हात टेकले. दोन पावसाळ्यांत माझी वायर वेलींनी खाल्ली.

आज त्या गावांत ज्याच्या त्याच्या कौलावर ज्याची त्याची डीटीएचची लहान छत्री आहे. त्याच कंपनीच्या भावंडाची. आम्ही सहांनी मिळून दिलं असतं त्यापेक्षा महाग, आणि पावसाची सर आली की चित्र गायब. चित्र गेल्यावर जाब विचारायला दारात येणारा माणूसच नाही.

हिराकाकीने छत्री घेतली नाही. परवा मी तिच्याकडे गेलो होतो, वायरीचं उरलेलं भेंडोळं भंगारात घातलं हे सांगायला. ते तिला सांगायचं काही कारण नव्हतं, पण पाय गेले. तिने कोकम दिलं. वाडीतल्या बायकांनी तेव्हा साथ दिली, असं काहीतरी मी बोललो. एकत्र हेडएंड घालण्याचा आमचा बेत आणि तो कसा मोडला, हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. ते तेव्हा सांगितलं. बाळाची सही, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"सहा जन व्हतात?" तिने विचारलं.

"सहा."

"सगळे बाप्ये?"

"सगळे."

मग माझा पेला उचलत, टोमणा मारल्यासारखं नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं, तिने विचारलं, "आनि तुमच्यात एकालापन सही न करता बसून ऱ्हायला जमलं नाय?"